जक्कल तोंडपाठ, अभ्यंकर कोण?

खुनाच्या गोष्टी चवीने ऐकणे हा काही दखलपात्र गुन्हा नाही. आपल्या आजोबांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून बाबूराव अर्नाळकर वाचले, झुंजार आणि काळा पहाड यांच्यापायी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. वडील सलूनमध्ये नंबर येईपर्यंत ‘पोलीस टाइम्स’ चाळत बसायचे. नंबर आला की अंक खाली, मान पुढे. आपण मानवी मनाच्या अंधाऱ्या तळाशी जाऊन आलो, असे घरी येऊन त्यांनी कधी जाहीर केले नाही. त्या बिचाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या नव्या अवताराशी, ज्याला चमचमीतही हवे आहे आणि सोवळेही सोडायचे नाही.

याला मी खूनरसिक म्हणते. परवा एका साखरपुड्यात बुफेच्या रांगेत असाच एक माझ्यापुढे उभा होता. रेशमी कुर्ता, हातात ताट. “काकू, जोशी-अभ्यंकर ऐकलंय का तुम्ही?” ऐकलंय! मग मसालेभात वाढून घेताघेता त्याने मला नायलॉनच्या दोरीचे माहात्म्य सांगितले. कोशिंबिरीपाशी ‘मोडस ऑपरेंडी’ आली, जिलबीपाशी ‘सायकोपॅथ’. ताट भरेपर्यंत अख्खे कुटुंब संपले होते आणि स्वारीच्या चेहऱ्यावर पुरणपोळी खाऊन उठल्याची तृप्ती. मी विचारले, “अभ्यंकर म्हणजे कोण रे?”

“म्हणजे... ते व्हिक्टिम.”

व्हिक्टिम. झाले. एवढीच त्यांची हयात.

तर ऐका. काशिनाथ वासुदेव अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे पंडित. व्याकरणातल्या पारिभाषिक संज्ञांचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला आणि पाणिनीशी ज्यांचे काम पडते ती माणसे आजही तो उघडतात. वडील वासुदेवशास्त्री. त्यांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले. पतंजली! ज्याचे नाव घेऊन आपण सकाळी श्वास आत-बाहेर करतो, त्या नावावरचा व्याकरणग्रंथ ज्या घराण्याने मराठी वाचकाच्या हाती दिला, त्या घराण्यातले हे ऐंशी ओलांडलेले शास्त्री. १ डिसेंबर १९७६च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या त्यांच्या घरात ते, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरकामाला असलेल्या सकूबाई अशा पाच जणांना मारण्यात आले. मारणारे होते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. ही चार नावे खूनरसिकाला संध्येतल्या चोवीस नावांसारखी पाठ असतात. कोश राहू द्या, शास्त्रीबुवांचे पहिले नाव विचारले तरी तो फोन काढतो.

आणि पुणेकर? पुणेकरांची तर बातच और. जक्कलच्या शेजारच्या बाकावर आपण बसत होतो, असे सांगणारी जितकी माणसे मला आजवर भेटली, तितक्यांची बसायची सोय करायची तर अभिनव कलेचे वर्ग बालगंधर्वमध्ये भरवावे लागले असते, बाल्कनीसह. उरलेल्यांनी त्याच्याबरोबर कॉलेजमागच्या हॉटेलात चहा प्यायला होता. १९७६ची ती भीती खरी होती. आणीबाणीचे दिवस, दिवेलागणीनंतर रस्ते ओस, दार ठोठावले की आतून आधी चौकशी. पण भीती ओसरल्यावर तिचे काय करायचे? पुण्यात तिचे भूषण होते. “आमच्या ओळखीतला होता हो!” हे वाक्य ज्या सुरात येते, त्या सुरात लोक भीमसेनांबद्दल बोलतात.

त्या हॉटेलाबद्दल एक गोष्ट मात्र चहावाले सांगत नाहीत. या टोळीचा पहिला बळी त्याच हॉटेलमालकाचा मुलगा होता. जानेवारी १९७६. खंडणीसाठी त्याला नेले, चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घेतली, आणि पैसे मागायच्या आधीच मारून टाकले. प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात. आता या कारभाराला खूनरसिक काय म्हणतो? ‘मास्टरमाइंड’! अहो, खंडणी मागण्याआधी ओलीस मारून टाकणाऱ्याला व्यवहारात ‘मठ्ठ’ म्हणतात. ज्याच्याकडे रोज उठबस, त्याचाच मुलगा उचलणाऱ्याला ‘निर्लज्ज’ म्हणतात. बुद्धिमत्ता यात शोधायची कुठे? ऑक्टोबर १९७६ मध्ये विजयनगर कॉलनीत जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा, डिसेंबरात अभ्यंकर, मार्च १९७७ मध्ये आणखी एक तरुण, ज्याचा मृतदेह बंडगार्डनजवळ नदीत सापडला. एकूण दहा माणसे. त्यानंतर टोळीतल्याच एका दोस्ताने तोंड उघडले, तो माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. घड्याळे, दागिने, थोडी रोकड असली लूट आणि तीही चार वाटेकऱ्यांत. पाकीटमाराच्या अकलेला राक्षसाची क्रूरता चिकटली की मास्टरमाइंड होत नाही. पण मठ्ठ माणसाची गोष्ट आठ भागांत कशी पुरणार? म्हणून खुन्याला अक्कल उसनी द्यायची. मेलेल्यांकडे ती होती, तिची गरज नाही.

दहा माणसे म्हटले ना मी? मग खटल्याचे नाव बघा: जोशी-अभ्यंकर. हॉटेलवाल्याचा मुलगा त्यात नाही. नदीत सापडलेला तरुण नाही. सकूबाई तर शास्त्रीबुवांच्या घरात, त्याच रात्री, त्याच हातांनी मारल्या गेल्या, पण त्या नावाच्या उंबऱ्याबाहेरच. माहितीपट निघाला तो ‘जक्कल’ या नावाने, आणि शोधपर चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. त्याआधी १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ आला होता, नाना पाटेकरांचा. ‘सकूबाई’ नावाचा चित्रपट काढा म्हणजे कळेल. तिकीटबारीवर माशाही बसणार नाहीत.

हेच नोएडात. मे २००८. तेरा वर्षांची आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत सापडली आणि घरातला नोकर हेमराज गायब. झाले, नोकर गायब म्हणजे नोकर खुनी. पोलिसांनी त्याच्यावर बक्षीस लावले, वाहिन्यांनी त्याचा चेहरा घरोघर पोचवला. देशभर त्याचा शोध. आणि हेमराज होता कुठे? त्याच इमारतीच्या गच्चीवर. मेलेला. गच्चीच्या दाराला कुलूप होते, म्हणून पहिल्या दिवशी ते कोणी उघडलेच नाही. घरात पोलीस, पत्रकार, शेजारी, नातेवाईक अशी जत्रा भरली होती, पण ते एक कुलूप तोडायला हात मोकळा कुणाचा होता? फरारी आरोपी दुसऱ्या दिवशी मयत निघाला. यावर निदान लाजेने चार दिवस गप्प बसावे की नाही? छे! प्रमेय बदलले, आवाज तोच. कालपर्यंत ‘नोकराने केले’, आज ‘आईबापांनी केले’. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मग त्यावरच खटला चालला, २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तेवढ्यात पुस्तक आले, ‘तलवार’ चित्रपट आला. न्यायालयांना नऊ वर्षांत जे ठामपणे सांगता आले नाही, ते खूनरसिक पाऊण तासात सांगतो, मधल्या गादीच्या जाहिरातीसकट. आणि प्रकरणाचे नाव? आरुषी प्रकरण. हेमराज अजून गच्चीवरच आहे.

खूनरसिकाचा आवडता सिद्धांत असा की पोलीस महामूर्ख असतात. ठीक आहे, वादापुरते मान्य. पण मग त्याला माहिती मिळते कुठून? पोलिसांच्या आरोपपत्रातून, निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींतून, पंचनाम्याच्या झेरॉक्समधून. रामन राघवचा तपास आणि मानवतचा तपास ज्यांनी केला, त्या रमाकांत कुळकर्ण्यांच्या लेखनावर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. ती डोळे फाडून पाहायची आणि संपल्यावर म्हणायचे, आपल्याकडे तपास करतो कोण? पोलिसांच्या ताटात जेवून पोलिसांनाच खरकटे म्हणणे याला कृतघ्नता म्हणावे, पण तो शब्द मोठ्या माणसांसाठी राखून ठेवू.

पुन्हा हे स्वतःला म्हणवतात काय? सत्यशोधक! वर जोतिराव असतील तर त्यांनी हे ऐकू नये एवढीच प्रार्थना.

रामन राघवचे नाव निघालेच आहे. साठच्या दशकातली मुंबई, उपनगरांतल्या झोपड्या, फुटपाथ, रेल्वेच्या कडेची वस्ती. रात्री झोपलेल्या माणसाच्या डोक्यात लोखंडी दांडका. १९६८ मध्ये तो सापडला. पुढचे तुम्हाला खूनरसिकच सांगेल, मी नको: कोठडीत तो बोलेना, मग त्याने कोंबडी मागितली, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा, आणि मग भडाभडा कबुली. कोंबडीचा तपशील कुणीही विसरत नाही. रश्श्यासकट सांगतात. आता विचारा, मेले कोण? एक नाव सांगा. एकच. शांतता. दांडक्याचे वजन माहीत, आरशाची हकीकत माहीत, २०१६ चा चित्रपट दोनदा पाहिलेला, आणि मेलेल्यांपैकी एकाही माणसाला नाव नाही, गाव नाही, पोटापाण्याचा धंदा नाही. ज्यांना जिवंतपणी पत्ता नव्हता त्यांना मेल्यावर तरी कशाला? खुन्याचे मात्र यथासांग झाले. मनोविकार सिद्ध होऊन फाशी टळली आणि १९९५ साली तो पुण्याच्या ससूनमध्ये आजाराने गेला.

हा शौक नवा आहे असे समजू नका. त्याचे मूळपुरुष १९५९ मध्ये मुंबईत होऊन गेले. कमांडर कावस नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या, आणि ‘ब्लिट्झ’ने असा धुरळा उडवला की चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी पिस्तूल’ विकू लागले. टॉवेल कशासाठी? तर आहुजा मेला तेव्हा कमरेला टॉवेल होता, आणि झटापट झाली असती तर तो सुटला नसता का, यावर न्यायालयात खल झाला होता. एका मेलेल्या माणसाच्या कमरेच्या टॉवेलची प्रतिकृती आपल्या पूर्वजांनी बाजारात घासाघीस करून विकत घेतली! तिचे पुढे काय केले असेल? अंग पुसले? आठ विरुद्ध एक मतांनी ज्यूरीने नानावटीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. मग २०१६ मध्ये ‘रुस्तम’ आला. त्यात मारणारा देशभक्त आणि मेलेला कारस्थानी. प्रत्यक्षात खटल्याच्या मुळाशी होता व्यभिचार, पडद्यावर तो नौदलाच्या भ्रष्टाचारावर गेला. मेलेला माणूस दावा लावायला येत नाही ही या धंद्याची सगळ्यात मोठी सोय.

“पण आम्ही पीडितांना आवाज देतो,” हा पुढचा बचाव. देता? लंडनची एक गंमत सांगते. २०१५ मध्ये तिथल्या केबल स्ट्रीटवर एक संग्रहालय उघडले. परवानगी मागताना सांगितले होते की पूर्व लंडनमधल्या स्त्रियांचा इतिहास मांडणार. पडदा बाजूला झाला तेव्हा दारावर पाटी कुणाची? जॅक द रिपरची. बायकांच्या इतिहासात शेवटी बायकांना मारणाराच पाहुणा म्हणून बोलावला. आवाज देणे म्हणतात ते हे.

किंवा बाल्टिमोर घ्या. १९९९ मध्ये मारल्या गेलेल्या एका शाळकरी मुलीचे प्रकरण २०१४ च्या ‘सीरियल’ या ध्वनिमालिकेने जगभर गाजवले. मालिकेने शंका काढल्या, त्या काढायला हव्या होत्या की नव्हत्या यावर वाद घालता येईल, आणि निरपराध माणूस तुरुंगात असेल तर शंका काढाव्यातच, हे मीही मानते. पण २०२२ मध्ये दोषी ठरलेल्याची शिक्षा रद्द करण्याची सुनावणी झाली तेव्हा त्या मुलीचा भाऊ न्यायालयाला म्हणाला की हे माझ्यासाठी पॉडकास्ट नाही, माझे आयुष्य आहे. एवढे एक वाक्य बोलायला त्या माणसाला रांगेत आठ वर्षे थांबावे लागले. तोवर कोट्यवधी लोकांनी त्याच्या बहिणीच्या वेळापत्रकातला मिनिटामिनिटाचा हिशेब जेवताना, जिममध्ये, भांडी घासताना करून टाकला होता.

भांडी घासताना हे विशेष. “मला झोप येण्यासाठी मी खुनाचे भाग ऐकते,” असे एका सुविद्य मैत्रिणीने मला सांगितले. पूर्वी बायका रामरक्षा म्हणत. सुरुवातीला गंभीर आवाजात सूचना येते की हळव्या श्रोत्यांनी ऐकू नये, आणि ती ऐकून एकही हळवा श्रोता उठून जात नाही. सूचना असते ती भूक लागावी म्हणून.

आता बेपत्ता माणसांकडे येऊ, कारण तिथे या मंडळींची खरी परीक्षा आहे. आपला पुराव्याचा कायदा बेपत्ता माणसाला सात वर्षे देतो. ज्यांना सहजी खबर लागली असती त्यांनाही तेवढ्या काळात ती लागली नाही, तर तो मेला असे धरता येते. सात वर्षे! घरच्यांनी ती कशी काढायची याचा विचार करा. खूनरसिकाला धीर किती? भाग दोन पुढच्या शुक्रवारी हवा, आणि त्यात खुनी हवा. निव्वळ निघून गेलेला, विसरलेला, कर्जाला कंटाळलेला, डोक्यावर परिणाम झालेला माणूस त्याच्या कामाचा नाही. अशा माणसाला कथानक नसते.

२०१२ च्या मे महिन्यात रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या गागोदे गावाजवळ जंगलात जळालेले मानवी अवशेष गावकऱ्यांना दिसले. गागोदे म्हणजे विनोबांचे जन्मगाव. पोलीस आले, नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले. गुन्हा नोंदवला गेला नाही, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नाही. तीन वर्षे तो विषय तिथेच पडून राहिला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका चालकाच्या अटकेनंतर शीना बोरा या तरुणीच्या खुनाचे प्रकरण बाहेर आले आणि पोलिसांनी ते अवशेष तिच्याशी जोडले. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही, त्या रेशमी कुर्त्याचेही नाही. पण हिशेब पाहा. तीन वर्षे गागोद्याकडे एकही कॅमेरा फिरकला नाही. आणि नाती कळल्यावर, बडी आडनावे कळल्यावर, वाहिनीवाल्यांचे घराणे कळल्यावर त्या रानात गाड्या लावायला जागा उरली नाही. ज्याने अवशेष पाहिले तो गावकरी सत्यशोधक ठरला नाही. त्याने फक्त पोलिसांना कळवले होते.

त्याच्यासारखे वागणे अवघड आहे का? मुंबईत लोकलने जाता ना? लोहमार्ग पोलिसांच्या चौकीबाहेरचा फलक कधी पाहिलात? तिथे कागद डकवलेले असतात. अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस, बांधा सडपातळ, अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, उजव्या हातावर बायकोचे की बहिणीचे नाव गोंदलेले. शेजारी हरवलेल्यांचे फोटो, बहुतेक कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून काढलेले, बाजूच्याचा खांदा अजून तसाच. यात मास्टरमाइंड नाही, पार्श्वसंगीत नाही, मध्ये गादीची जाहिरात नाही. मयताची ओळख पटावी एवढीच मागणी असते, आणि ती पटवायला मोडस ऑपरेंडी माहीत असावी लागत नाही. त्या फलकासमोरून रोज हजारो माणसे जातात, कानात खून घालून.

खाली चौकीचा फोन नंबर छापलेला असतो. एखादी लोकल चुकली तर चुकू द्या, पण कानातले काढा आणि तो कागद शेवटपर्यंत वाचा. गोंदलेले नाव ओळखीचे वाटले तर फोन करा.